उबेला आलेले जिताडे

मुकुल दिघे दोन वर्षं गळ टाकत होता आणि दोन वर्षांत त्याला एकही जिताडा लागला नव्हता. शिंगाळ्या लागल्या, बोय लागली, एकदा तंगुसाला, गळाच्या नायलॉन दोरीला, लोंबकळत एक खेकडा वर आला, मार्व्याच्या धक्क्यावर तर कुणाची तरी चप्पल आली. जिताडा मात्र नाही. समुद्रातून खाडीत ये-जा करणारा हा मासा, रुपेरी अंगाचा, भल्यामोठ्या जबड्याचा. चवीला असा की पनवेल-अलिबागकडची माणसं तो खास पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. मुंबईच्या खाड्यांत हौसेनं गळ टाकणाऱ्याला तो एकदा तरी लागावा लागतो, नाहीतर त्याला कुणी मोजत नाही.

मुकुलला कुणी मोजत नव्हतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा 'खाडीकट्टा' नावाचा ग्रुप होता. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचे हौशी लोक, कुणी बँकेत, कुणाचं दुकान, कुणी रिटायर. त्यातला सम्यक हा म्होरक्या. मालाडला त्याचं गाड्यांच्या काचांचं दुकान होतं आणि त्याच्याकडे जपानी रीळ होतं. मुकुल दर रविवारी रिकाम्या हातानं परततो म्हणून सम्यकनं त्याचं नाव 'कोरेसाहेब' ठेवलं होतं. मुकुल हसून घ्यायचा. पण त्याच साली अंधेरीच्या ऑफिसात त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला विमा-दाव्यांच्या विभागाची प्रमुख केलं होतं, आणि तेव्हापासून त्याला हसून घेणं जड जात होतं. घरी तो गप्प असे. जेवता जेवता हात थांबे. बायको, सई, काही विचारायला गेली तर म्हणे, कुठे काय, थकलोय जरा.

माणिकमावशीचा फोन आला तो डिसेंबरात. ही सईची सख्खी मावशी. गोरेगाव स्टेशनजवळ तिनं तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवली होती. आता लॅब दुसऱ्याला दिली होती आणि नवरा, अनंतकाका, गेल्यापासून ती एकटीच राहायची. दोघं नवराबायको गळ टाकायला जायचे हे मुकुलला माहीत होतं, पण म्हाताऱ्या माणसांचा विरंगुळा असेल म्हणून त्यानं त्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. मावशी म्हणाली, गुडघा फार त्रास देतोय, सामान उचलायला माणूस हवाय, रविवारी येशील का? मुकुल हो म्हणाला. नाही म्हणण्यासारखं काही कारण नव्हतं.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि जायचं नावच घेईना. बोरिवलीत जंगलाच्या बाजूला सकाळी लोक कानटोप्या घालून दूध आणायला जात होते. ग्रुपवर नुसतं रडगाणं चालू होतं. कुणाला काही लागत नव्हतं. जिताड्याला थंडी सोसत नाही. पाणी गार पडलं की तो खोल जाऊन तळाला बसून राहतो, भूक मंदावते, नाकासमोरून कोळंबी गेली तरी तोंड उघडायचा कंटाळा करतो. उन्हाळ्यात झडप घालून काठी हातातून ओढून नेणारा मासा थंडीत आजाऱ्यासारखा पडून असतो. सम्यकनं लिहिलं होतं, आता होळीपर्यंत घरी बसा रे.

मावशी त्याला रिक्षात घालून मालाडच्या पश्चिमेला घेऊन गेली. खाडीच्या काठावर एक जुना बर्फाचा कारखाना होता. मासेमारीच्या बोटींना बारा महिने बर्फ लागतो, तो तिथं तयार व्हायचा. मागच्या अंगाला पत्र्याचं एक फाटक होतं. ते लवूनं उघडलं. लवू तिथं कॉम्प्रेसरवर होता, पन्नाशी ओलांडलेला, मालवणकडचा. अनंतकाकांचं आणि त्याचं गाव शेजारी शेजारी, त्या ओळखीतून हे फाटक पंधरा वर्षं उघडत आलं होतं. मावशीनं मुकुलची ओळख करून दिली, "हे आमचे जावई." लवूनं हात जोडले आणि तेव्हापासून तो मुकुलला जावईबापू म्हणू लागला.

फाटकाच्या पलीकडे खाडीनं एक वळण घेतलं होतं आणि तिथं दगडी बांधाच्या आड खोल डोह झाला होता. कारखान्याचं पाणी एका पाइपातून त्यात पडत होतं. बर्फ करताना यंत्रं तापतात, ती निववायला जे पाणी फिरवतात ते कोमट होऊन बाहेर येतं, हे मावशीनं त्याला समजावलं. मग तिनं पिशवीतून दोरी बांधलेला थर्मामीटर काढला आणि आधी बांधाबाहेरच्या पाण्यात सोडला, मग डोहात. डोहातलं पाणी सहा अंशांनी गरम निघालं.

"सगळ्या खाडीतले इथे येतात बघ," ती हळू आवाजात म्हणाली, जणू पाण्यातल्यांना ऐकू जाईल. "उबेला."

तिनं त्याला कसं टाकायचं ते शिकवलं. जिवंत कोळंबी, गळ बुडवायचं शिसं अगदी हलकं, आणि घाई अजिबात नाही. ओहोटी लागायच्या सुमाराला, ऊन वर आल्यावर. तोंडासमोरून इतक्या सावकाश न्यायचं की माशाला वाटलं पाहिजे, हे आपण खाल्लं नाही तर आपणच मूर्ख. मुकुलचे हात ओढायला शिवशिवत होते. ती दर वेळी त्याच्या मनगटावर बोट ठेवून थांबवायची. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला जिताडा लागला. दीड-दोन किलोचा असेल. तो वर आला तशी मावशी खळखळून हसली. अनंतकाका गेल्यावर तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

निघताना तिनं नियम सांगितले. एका खेपेला घरी एक न्यायचा, बाकीचे सोडायचे. फोटो काढायचे नाहीत. आणि ही जागा कुणाला सांगायची नाही. "थंडीतले मासे आहेत, मुकुल. त्यांना पळता येत नाही. इथे कुणी जाळं घेऊन आलं तर अर्ध्या तासात संपेल सगळं." मुकुल म्हणाला, मावशी, मी कशाला सांगतोय कुणाला?

आणि खरंच त्यानं सांगितलं नाही, दोन खेपा. सईनं जिताड्याचं कालवण केलं, शेजारी वाटी दिली. मुकुल घरात बोलायला लागला, एकदा तर भांडी घासता घासता गुणगुणला. ग्रुपवर 'कोरेसाहेब कुठे आहेत, थंडीनं गारठले का' असं कुणी लिहिलं की तो मनातल्या मनात हसायचा. पण प्रत्येक वेळी ते हसणं थोडं कमी पुरत होतं.

तिसऱ्या खेपेला, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, त्याला मोठा जिताडा लागला. सात-आठ किलोचा तरी. उन्हाळ्यात एवढा मासा अर्धा तास झुंजला असता. हा दोन-तीनदा जडपणे वळला आणि आला. मावशी तेव्हा लवूशी बोलत फाटकाच्या आत गेली होती. मासा सोडायचा होता हे मुकुलला पक्कं ठाऊक होतं, घरी न्यायचा एक आधीच पिशवीत होता. सोडण्याआधी त्यानं फोन बांधावर टेकवून ठेवला, टायमर लावला आणि मासा छातीशी धरून फोटो काढला. मग मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर तसाच तरंगला, मग डोहात उतरला. मावशी बाहेर आली तेव्हा मुकुल हात धूत होता.

घरी पोचण्याआधीच, रिक्षात, त्यानं फोटो ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही.

मग जे झालं त्याची त्यानं दोन वर्षं वाट पाहिली होती. फोन थरथरायचा थांबेना. झकास, बाप रे, हा कोरेसाहेब की काय, कुठला एआयचा फोटो टाकलास. आणि थोड्या वेळानं सम्यकचा थेट फोन. सम्यकनं कधीच त्याला फोन केला नव्हता. आज त्याच्या बोलण्यात मानसुद्धा होता. म्हणाला, यार, मानलं तुला, या गारठ्यात कुणाला शेपूट दिसत नाहीये आणि तू हे. कुठे रे? मुकुल म्हणाला, आहे एक जागा. सम्यक म्हणाला, मला पण नाही सांगणार? फक्त मला. मी कुणाला बोलणार नाही, आईशप्पथ. मुकुलनं आढेवेढे घेतले. पाणी का कोमट आहे ते सांगितलं, म्हणजे आपल्याला कळतं हे दिसावं म्हणून. आणि एवढं सांगितल्यावर उरलेलं न सांगणं त्याला कोतेपणाचं वाटलं. त्यानं लोकेशन पाठवलं. खाली लिहिलं, फक्त तुला.

पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस होतं आणि दुपारी तो तिथंच होता. ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. आधी सम्यक आणि आणखी चौघं बांधावर. मग दहाबाराजण. मग कुणीतरी ओळखीच्यांना बोलावलं होतं, त्यांच्याकडे पाग होते, फेकायची गोल जाळी. ओहोटी पूर्ण लागलेली, डोह उथळ झालेला. जाळं पडत होतं आणि जड होऊन वर येत होतं. मासे उड्यासुद्धा मारत नव्हते. शेवटच्या व्हिडिओत निळ्या ताडपत्रीवर मासे ओळीनं मांडलेले होते, थोरले, धाकटे, वीतभर पोरंसुद्धा, आणि सम्यक अंगठा वर करून म्हणत होता, "कोरेसाहेबांचे आभार."

मुकुलनं फोन पालथा ठेवला. त्याचे कान तापले होते. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का? तो म्हणाला, अॅसिडिटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा नेहमीसारखा फोन आला. त्याला आजारी आहे म्हणता आलं असतं. पण ती एकटी जाईल आणि तो नसेल, तर तिला कळेल, अशी भीती वाटली. म्हणून तो गेला. वाटेत रिक्षात ती कोळंबीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि सांगत होती की आज वारा पडलाय, आज चांगलं होईल. त्यानं मान डोलावली.

फाटक बिजागरीतून उखडून आडवं पडलं होतं. बांधावर प्लास्टिकच्या बाटल्या, तुटलेलं तंगूस, कोळंबीची सालपटं. पाण्याच्या कडेला पाच-सहा छोटे जिताडे मरून पडले होते, जाळ्यातून काढून फेकून दिलेले. मावशीनं थर्मामीटर पाण्यात सोडला. पाणी तसंच कोमट होतं. तिनं गळ टाकलाच नाही. टेकायच्या काठीच्या आधारानं ती बांधावर उभी राहिली.

लवू आतून आला. त्याचा चेहरा उतरला होता. मालक सकाळीच येऊन ओरडून गेला होता, बाहेरची माणसं आत शिरलीच कशी म्हणून.

"कुणाला सांगितलंस?" मावशीनं विचारलं.

लवू म्हणाला, मी कुणालाच नाही सांगितलं.

"मग कुणी सांगितलं? मला माहीत होतं आणि तुला." तिचा आवाज चढला नव्हता. "अनंत होता तेव्हापासून तुझ्यावर भरवसा ठेवला रे. विकलंस ना आम्हाला?"

मुकुल तिच्या मागे दोन पावलांवर होता, खांद्यावर तिची पिशवी. मला माहीत होतं आणि तुला, असं ती म्हणाली तेव्हा तिच्या मोजणीत तो नव्हताच. तो घरचा होता. त्याच्याबद्दल शंका घ्यायची असते हेच तिला सुचलं नव्हतं. त्याला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा त्यानं. पण बोलेपर्यंत तो क्षण निघून गेला, आणि निघून गेला याचं त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आठवण पुढं त्याला सगळ्यात जास्त जाळत राहिली.

लवूनं एकदा मुकुलकडे पाहिलं. मग मावशीला म्हणाला, तुम्हाला तसं वाटत असेल तर काय बोलणार, बाई. आणि आडवं पडलेलं फाटक उचलायला लागला.

त्यानंतरचे दिवस मुकुल ऑफिसला गेला, आला, जेवला. ग्रुपमधून तो बाहेर पडला. सम्यकनं 'काय झालं यार' विचारलं, त्याला उत्तर दिलं नाही. सम्यकवर चिडायचा त्यानं प्रयत्न केला. जमलं नाही. सम्यक होता तसाच वागला होता. त्याला ओळखूनच मुकुलनं लोकेशन पाठवलं होतं. स्वतःला त्यानं बरंच समजावलं, की मावशीचा राग निवेल, की लवू मनावर घेणारा माणूस नाही, की मासे काय, पुढच्या वर्षी परत येतील. आंघोळीचं गरम पाणी अंगावर घेताना त्याला ते मरून पडलेले छोटे जिताडे दिसायचे.

महिनाअखेरीला मावशी त्यांच्याकडे जेवायला आली. जेवता जेवता तिनं सईला सगळं सांगितलं. बर्फाच्या कारखान्याचा मालक तिच्या लॅबचा जुना पेशंट. त्यानं फोन करून विचारलं होतं की ही जागा बाहेर कशी फुटली. मावशीनं म्हटलं होतं, तुमच्या लवूलाच विचारा. मालकानं लवूला कॉम्प्रेसरवरून काढून लाद्या उचलायच्या कामावर टाकलं. "मला वाईट वाटतं गं," मावशी म्हणाली, "त्या वयात बर्फाच्या लाद्या ओढायच्या. पण त्यानं केलंच तसं." आणि मुकुलकडे वळून म्हणाली, "तूच सांग, होतास ना तिथे तू?"

मुकुल म्हणाला, "हो."

एवढंच म्हणाला. सईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा घास हातातच होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसला दांडी मारली आणि मालाडला गेला. मावशीकडे आधी जायला हवं होतं हे त्याला कळत होतं. पण लवूकडे आधी जाणं सोपं होतं. मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात त्याला आशा होती की लवू म्हणेल, जाऊ द्या जावईबापू, झालं ते झालं, आणि मग मावशीला सांगायची गरजच उरणार नाही.

लवू कारखान्याच्या तोंडाशी होता. लोखंडी आकड्यानं बर्फाची लादी टेम्पोकडे ओढत होता. पायात गमबूट, डोक्याला टॉवेल, पँट मांडीपर्यंत भिजलेली. हवेत गारठा, त्यात बर्फ. मुकुलला बघून त्यानं लादी टेम्पोवर चढवली आणि मगच बाजूला आला. मुकुलनं सांगितलं. फोटो, सम्यक, लोकेशन, सगळं एका दमात.

लवूनं टॉवेलनं हात पुसले.

"माका ठाव आसा," तो म्हणाला. "तेंनी फाटकार तुमचांच नाव सांगल्यानी. मुकुलनं धाडलंय म्हणान."

 मुकुलनं विचारलं, मग तेव्हा मावशीला का नाही सांगितलंत?

"तुमी तेंच्या घरातले. मी कसां सांगू?" लवूनं आकडा परत उचलला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो दाखवायची त्याला घाई नव्हती. "बघीत होतंय, तुमका किती दिवस लागतत. आता माका कित्याक सांगतास? बाईंका जावन सांगा."

तो परत लादीकडे गेला. मुकुल थोडा वेळ उभा राहिला. टेम्पोवाल्यानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तसा तो निघाला. तिथून गोरेगावपर्यंत तो बसनं गेला, आणि मावशीच्या इमारतीखाली पोचल्यावर दोन फेऱ्या मारून मग वर गेला.

मावशी सोफ्यावर गुडघ्याला शेकत बसली होती. त्यानं बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली.  संपल्यावर तिनं शेकायची पिशवी बाजूला ठेवली.

"फोटो कधी काढलास?"

"तुम्ही लवूकडे आत गेला होतात तेव्हा."

 ती म्हणाली, "मासे गेले ते गेले. तू बढाई मारलीस, तेही समजू शकते मी, माणूस मारतो. पण त्या दिवशी तू माझ्यामागे उभा होतास. माझी पिशवी घेऊन. आणि तू मला त्याला तसं बोलू दिलंस." तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. "मालकाला मी सांगितलं. मी. तू नाही. हे आता माझं झालं, मुकुल. तुझं तुझ्यापाशी, पण हे माझं झालं."

 मुकुलनं चुकलो म्हटलं. तो शब्द इतका छोटा निघाला की त्याचा त्यालाच जेमतेम ऐकू आला. मावशीनं फोन उचलला आणि त्याच्यासमोरच मालकाला लावला. स्वच्छ सांगितलं की चूक आमच्या घरातल्या माणसाकडून झाली, लवूचा काही संबंध नाही, मी न विचारता त्याचं नाव घेतलं, मला माफ करा आणि त्याला त्याच्या कामावर घ्या. कोण घरातला माणूस, ते तिनं सांगितलं नाही. त्या न सांगण्यानं मुकुलची मान आणखी खाली गेली.

संध्याकाळी त्यानं सईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "काल जेवताना मला वाटलंच काहीतरी." मग बराच वेळ देठ तोडत राहिली. "मावशीला गुडघा दुखतो म्हणून माणूस नको होता, मुकुल. तिच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा नेहमी सामान न्यायचा, कारखान्याच्या फाटकापर्यंत, आत नाही. मी गेले होते तिच्याकडे, दोनदा. म्हटलं, मुकुलला घेऊन जा गं कुठेतरी, तो घरात बोलत नाही. ती म्हणाली, ती जागा अनंतची आहे. मी रडले तेव्हा तयार झाली."

 

रविवारी मावशीनं त्याला बोलावलं. दोघं कारखान्यात गेले. लवू अजून लाद्यांवरच होता, मालकानं पहिल्या तारखेपासून परत कॉम्प्रेसरवर घेतो म्हटलं होतं. सुट्टीचा दिवस असूनही पाच-सहा कामगार होते, टेम्पो भरत होते. मावशी काठी टेकत त्यांच्यामधून गेली आणि लवूसमोर उभी राहिली. सगळ्यांच्या देखत तिनं हात जोडले. "तुझ्याशी वाईट बोलले, लवू. मालकालाही तुझ्याबद्दल खोटं सांगितलं. माझं चुकलं." लवू गडबडून गेला. असं करू नका बाई, असं काहीतरी म्हणत त्यानं तिचे हात खाली घेतले. कामगार थांबून बघत होते. कुणाला काही कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी एक म्हातारी डॉक्टरीणबाई चुकली होती, एवढंच.

मुकुल पुढे झाला. मावशीनं हातानं राहू दे अशी खूण केली, पण तो थांबला नाही. "बाईंची चूक नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला, म्हणून त्यानं परत म्हटलं. "जागा मी सांगितली बाहेरच्यांना. लवूंवर आळ आला तेव्हा मी तिथेच होतो आणि गप्प राहिलो. लवूंनी काही केलं नाही."

 एका पोरगेल्या कामगारानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खाली थुंकला. मुद्दाम थुंकला की तंबाखू होती, ते मुकुलला कळलं नाही. मग टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला आणि माणसं लाद्यांकडे वळली. लवूनं चहा मागवला. तिघांनी तो उभ्यानंच प्यायला. लवू आणि मावशी गुडघ्याबद्दल बोलले, मालवणच्या कुठल्याशा वैद्याबद्दल बोलले. मुकुलला लवूनं कप दिला तो हसून दिला नाही, पण दिला. मागच्या फाटकाच्या जागी आता विटांची भिंत चढत होती. सिमेंट अजून ओलं होतं.

परतताना रिक्षात मावशी बाहेर बघत होती. गोरेगावला उतरताना मुकुल सामान घ्यायला खाली उतरला, तशी ती म्हणाली, "नको, मी नेते," आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून जिन्याकडे गेली. गुडघा दुखत होता तिचा, ते दिसत होतं.

फेब्रुवारीच्या मध्यात सईच्या वाढदिवसाला मावशीनं दोघांनाही जेवायला बोलावलं. सुरमई तळली होती, सोलकढी होती. ती मुकुलशी बोलली, अगदी नीट बोलली; ऑफिसात काय चाललंय विचारलं, त्याच्या आईची तब्येत विचारली. पाण्याबद्दल, खाडीबद्दल, एक शब्द नाही. तिच्या गळाच्या काठ्या दाराच्या कोपऱ्यात असायच्या, त्या आता तिथं नव्हत्या. त्या कुठे आहेत हे विचारायचा धीर त्याला झाला नाही.

जेवताना तिनं न विचारता त्याच्या ताटात सुरमईचा दुसरा तुकडा वाढला, पहिल्यापासून वाढायची तसा. तो नको म्हणाला नाही. मान खाली घालून त्यानं तो काट्यापर्यंत खाल्ला, आणि सई आणि मावशी हसून कशाबद्दल तरी बोलत होत्या तिकडे, हात धुवायला उठेपर्यंत, त्याला बघता आलं नाही.